दोन इंच, दोन सूत

बारामतीत गुरुवारी लाईट नसते. सकाळी दहाला जाते आणि पाचच्या पुढे वीजवाल्यांच्या मर्जीने येते. निम्मं गाव त्या दिवशी बाजारात असतं. अमजद मात्र भिगवण रस्त्याच्या कडेला, आपल्या सुतारकामाच्या दुकानात हातरंधा घेऊन बारीकसारीक कामं उरकत बसतो. आठवडाभर तिथे मशीन अशी कोकलत असते की शेजारचा दुकानदार चहा हवा का, ते हाताच्या खुणेने विचारतो. गुरुवारी स्वतःचा श्वास ऐकू येतो. त्यामुळे तो आवाज पहिल्यांदा ऐकू आला तोही गुरुवारीच, गेल्या भादव्यात, दुपारी तीनच्या सुमाराला.

दुकानाच्या मागेच घर. मधलं दार कधी लावलेलं नसतं. दाराजवळच्या खोलीत त्याची आई मेहबूबबी, म्हणजे अम्मा, दुपारची आडवी झाली होती आणि आवाज तिच्या पलंगातून येत होता. कर्र. मग थांबायचा. पुन्हा कर्र, कर्र. कुणीतरी तोंड मिटून जुनी खारीक चावावी तसा.

आवाज कशाचा, हे अमजदला कुणी सांगायला नको होतं. वीस वर्षं त्याने लाकूडच हाताळलं होतं. भिरूड लागला होता. लांब शिंगांचा जो राखाडी भुंगेरा पावसाळ्याच्या तोंडाला दिसतो, त्याची अळी. आंब्याच्या लाकडाला ही पीडा ठरलेलीच. तो वाकला. पलंगाच्या पायथ्याकडच्या डाव्या खुराशी, शहाबादी फरशीवर, चिमूटभर भुसा पडला होता आणि खुराच्या अगदी तळाला हरभऱ्याएवढं भोक होतं.

"अम्मा, पलंगाला कीड लागली. जरा ऊठ, औषध घालतो."

"राहू दे त्याला," अम्मा डोळे न उघडता म्हणाली. "येतोय."

"कोण येतोय?"

अम्माचा डोळा पुन्हा लागला होता. अमजदने कानामागची पेन्सिल काढली आणि आवाज होता तिथे खुरावर एक रेघ ओढून ठेवली. सुताराची खोड, दुसरं काय. पुढच्या गुरुवारी त्याने परत कान लावला, तर आवाज रेघेच्या वर गेला होता. त्याने टेप लावली. दोन इंच, दोन सूत. सूत म्हणजे इंचाचा आठवा हिस्सा, आणि अमजद सुताला चुकणारा माणूस नव्हता. त्याच्या पुढच्या गुरुवारीही दोन इंच, दोन सूत. त्याच्याही पुढच्या.

पलंग कुठल्या लाकडाचा होता हे इथे सांगायला हवं.

अमजदचा धाकटा भाऊ सद्दाम. बारा वर्षांनी धाकटा, म्हणजे अमजदने जवळजवळ कडेवरच वाढवलेला. डावखुरा, हसरा, हाताला विलक्षण सफाई आणि डोक्यात तेवढीच हवा. लाकडावर खूण करायची तर सगळे सुतार सरळ रेघ ओढतात. सद्दाम रेघेच्या शेवटी एक बारीक गाठ मारायचा, दोऱ्याला मारावी तशी. अब्बा होते तोवर त्यापायी त्याने बोलणी खाल्ली, पण गाठ काही सुटली नाही. गावाला अमजद म्हणजे मिस्त्री, अम्माला नुसता अमजद. भाई म्हणणारा एकटा सद्दामच.

त्याचं लग्न वालचंदनगरच्या एका मुलीशी ठरलं, तेव्हा पलंग मी माझ्या हाताने करणार म्हणून तो हटून बसला. इंदापूर तालुक्यात वरकुट्याला सर्जेराव म्हणून जुने गिऱ्हाईक. त्यांच्या बांधावरचा आंबा भिरूड लागून वठला होता. सद्दाम त्याचं खोड ट्रॅक्टरमधून घेऊन आला. आल्या आल्या पटाशीने सालीवर आपली गाठीची रेघ कोरली आणि म्हणाला, हे माझं.

"आधी साल काढ," अमजद म्हणाला. साल ठेवली की त्यात भुंगेरा अंडी घालतो, हे सुताराला पहिल्या दिवशी शिकवतात.

"उद्या काढतो, भाई."

तो उद्या तीन दिवस आला नाही. तिसऱ्या दिवशी अमजद चारचौघांत ओरडला, "साल काढायची अक्कल न्हाय आन निघालाय लगीन करायला." सद्दाम हसला, मोटारसायकलला किक मारली आणि गेला. काटेवाडीच्या पुढे गाडी घसरली. दुपारी बारा वाजता त्याला घरी आणला.

असरच्या, म्हणजे दिवस कलायच्या वेळच्या नमाजाआधी दफन करायचं ठरलं. कबरीत मय्यत ठेवली की माती थेट अंगावर टाकत नाहीत, वरून आडव्या फळ्या लावतात. त्या मोहल्ल्यात ह्या फळ्या अमजदच्या घरातूनच जात, आजोबांपासून, पुण्य म्हणून. नेमका त्या दिवशी साठा संपला होता. दुकानात मोठं लाकूड एकच होतं. अमजदने भावाच्या पलंगाचं खोड मशीनला लावलं आणि सात फळ्या कापल्या. कडेची सालसुद्धा काढायला वेळ झाला नाही. दुपारी त्यानेच भावाच्या अंगावर कापूर शिंपडला होता. मग त्यानेच एकेक फळी हाताने बसवली.

अब्बांचा एक नियम होता. मय्यतीसाठी ज्या लाकडातून फळ्या कापल्या, त्यातलं उरलेलं घरात वापरायचं नाही. ते कबरस्तानातच नेऊन ठेवायचं, पुढच्याच्या कामाला येतं. का, ते अब्बांनी कधी सांगितलं नाही आणि त्यांना विचारायची कुणाची छाती नव्हती. उरलेलं निम्मं खोड न्यायला अमजदचा हात धजेना. अख्खा पावसाळा ते सालीसकट दुकानामागे पडून राहिलं. मग एक दिवस अम्मा म्हणाली, "त्यानं आणलेलं लाकूड हाय. मला त्याचाच पलंग करून दे."

अमजद शिकलासवरलेला नसला तरी भाबडा नव्हता. जिन, भुतं, उतारे ह्यांची तो टिंगल करायचा. लाकूड म्हणजे लाकूड, असं म्हणून त्याने पलंग केला. सगळी साल तासून काढली. फक्त उशाकडच्या उजव्या खुरावर तळहाताएवढी राहिली. तिच्यावर सद्दामची रेघ होती आणि अम्माने तिथे हात ठेवून त्याला रंधा लावू दिला नव्हता.

दिवाळी झाली. आवाज खूर चढून बाजूच्या लांब पट्टीत शिरला आणि उशाच्या दिशेने निघाला. गुरुवारच्या रेघा एकीपुढे एक, पट्टीवर उमटत गेल्या. अम्मा आता दुपारी झोपायची ती दिवे लागले तरी उठायची नाही. उठली की तिच्या चेहऱ्यावर मुलाच्या घरी चार दिवस राहून आल्यासारखं काहीतरी असायचं.

"काय सपान पडतं गं अम्मा एवढं?" अमजदच्या बायकोने, शबीनाने, एकदा हसत विचारलं. ती अम्माची वेणी घालत होती.

"अरुंद जागा हाय," अम्मा म्हणाली. "पर कोंदट न्हाय. सगळीकडनं आंब्याचा वास येतो. उजेड न्हाय आन अंधार बी न्हाय. सद्दाम लांबनं येतोय. जवळ आला की म्हणतो, अम्मा, जरा सरक."

"आन तुमी काय करता?"

"सरकते की. पोराला जागा नको व्हय?"

शबीनाने हे नवऱ्याला सांगितलं तेव्हा तो हसला, पण पुढच्या वेळी त्याने झोपलेल्या अम्माकडे नीट पाहिलं. एवढा रुंद पलंग, आणि ती पार कडेच्या पट्टीला टेकून झोपली होती. मधे एका माणसाची जागा मोकळी.

ती जेवेनाशी झाली. पोट भरलंय म्हणायची. आणि नवल हे की ती वाळली नाही. उलट अंग भरलं, उजळलं, मऊ झालं. हातावरच्या सुरकुत्या हळूहळू विरल्या. शबीना एकदा तिचे पाय धुऊन बाहेर आली आणि म्हणाली, "टाचांच्या भेगा गेल्यात सगळ्या. हे पाय कधी जमिनीला टेकलेच न्हाइत, असं वाटतंय." त्या पायांत जोरही उरला नव्हता. डॉक्टरांनी सगळ्या तपासण्या केल्या आणि सगळं उत्तम असल्याचं सांगितलं. एकच गोष्ट पूर्वीची राहिली होती, भाजलेल्या तंबाखूची मिश्री. जाग आली की अम्मा आपल्या पितळी डबीतली चिमूटभर मिश्री हिरड्यांना लावायची आणि परत झोपायची.

अमजदला भीती वाटू लागली. भाऊ गेला तो आपण ओरडलो म्हणून, हे त्याने कुणाला बोलून दाखवलं नव्हतं, पण दोन वर्षांत एक दिवस त्याच्याशिवाय गेला नव्हता. आता आईही अशी डोळ्यांदेखत निसटून जाणार आणि आपण पट्टीवर रेघा मारत बसणार, असं त्याला वाटायचं. त्याला आई हवी होती. बस, एवढंच.

फाल्गुनात सर्जेराव दाराची चौकट सांगायला आले. बरोबर त्यांची सून वृषाली होती. ती शेती शिकलेली, किड्यांचा विषय घेऊन, आणि आता शिकवत होती. वार गुरुवार. बोलता बोलता ती थांबली आणि मधल्या दाराकडे बघायला लागली.

"मिस्त्री, हा तर भिरूड आहे."

"तुमच्याच आंब्यातला, ताई."

ती अम्माला जागं न करता पलंगाशी बसली आणि तिने पट्टीला कान लावला. तिच्या तोंडावर आवडीचं गाणं लागल्यासारखा आनंद दिसला. मग दुकानात येऊन तिने सगळं सांगितलं. मादी सालीला जबड्यांनी चीर पाडते आणि एका चिरेत एकच अंडं ठेवते. आठ-दहा दिवसांत अळी निघते. पांढरी, मऊ, बिनपायांची, पुढे एक काळं डोकं आणि जबडा. तिला डोळ्यांचा उपयोग नाही, कारण पाहायला काही नाही. खायचं आणि खाल्लं त्या जागेत पुढे सरकायचं. झाडात असली तर वर्ष-दोन वर्षं. कापलेल्या, सुकलेल्या लाकडात अशा अळ्या कितीतरी वर्षं रेंगाळल्याचे दाखले आहेत. कपाट आजोबांनी केलेलं, आणि भुंगेरा निघतो नातवाच्या देखत.

"आन मग?" अमजदने विचारलं.

"मग एक दिवस खाणं बंद. अळी लाकडाचेच धागे काढून स्वतःभोवती खोली करते. आत सगळी विरघळल्यासारखी होते आणि दुसरंच रूप घेते. भुंगेरा तयार झाला तरी लगेच येत नाही. आत पडून राहतो. वेळ झाली की भोक पाडून बाहेर. राखाडी अंग, नारिंगी ठिपके, अंगापेक्षा लांब शिंगं. हातात धरलं तर चिरचिरतो."

अमजदने तिला पट्टीवरच्या रेघा दाखवल्या. तिने बोटाने अंतरं मोजली, आणि तिचा आनंद जरा कमी झाला.

"अळी अशी मापात चालत नाही, मिस्त्री. कुठलाच जीव असा मापात चालत नाही."

मग तिने फरशीवरचा भुसा चिमटीत घेऊन हुंगला. "कीड जावी म्हणून कापूर ठेवला होता का तुम्ही?"

"व्हय," अमजद म्हणाला. त्याने कधी ठेवला नव्हता.

निघताना सर्जेरावांनी शेतकऱ्याचा उपाय सांगितला. "भोकात तार घाल. आळी टोचून वढून काढ. न्हाय निघाली तर पेट्रोलचा बोळा घाल आन वरनं चिखलानं लिंप. आमी बागेत हेच करतो बग."

"करतो, तात्या."

तरी त्याला दोन महिने गेले. वैशाखात अम्माने दोन दिवस डोळेच उघडले नाहीत, तेव्हा त्याने मनाचा हिय्या केला. भर दुपार होती. लाईट नव्हती. बाहेर रस्त्यावर डांबर विरघळत होतं. शबीना अम्माच्या उशाशी पंखा हलवत बसली होती. अमजद पायथ्याशी उकिडवा बसला आणि पहिल्या भोकात सरळ, पातळ तार घातली. अळीचा बोगदा कुठून सुरू होतो ते आधी बघावं, असा त्याचा हिशेब. सुतार पोकळीचा अंदाज असाच घेतो.

तार वर जायला हवी होती. ती खाली गेली.

खुराचा तळ त्या भोकापासून दोन बोटं. तार वीतभर आत गेली. मग हातभर. कुठे अडली नाही, कुठे वाकली नाही. चार हातांची तार होती ती. शेवटी चिमटीत धरायला टोक तेवढं उरलं. त्याने दुसऱ्या हाताने खूर उचलून बघितला. खालची शहाबादी फरशी अखंड होती. नुसता चरासुद्धा नव्हता.

"हळू रे," झोपेतच अम्मा म्हणाली. "तितं माती सैल हाय."

शबीनाच्या हातातला पंखा थांबला.

अमजदने तार ओढून काढली. टोकाला ओली माती होती. बारामतीत त्या उन्हात वीतभर खणलं तरी ओली माती लागली नसती. त्या मातीला कापराचा वास होता आणि वास ओळखायला त्याला वेळ लागला नाही.

बोळा त्याने घातला नाही. पेट्रोलची बाटली तशीच परत ठेवली. आत जे कोण होतं त्याला मारायचं कसं, हा प्रश्न आता किड्यापुरता राहिला नव्हता. एकदा ओरडला होता, तेवढं पुरे होतं.

ज्येष्ठ लागता लागता आवाज थांबला.

शेवटची रेघ अगदी उशाला आली होती, अम्माच्या कानाच्या बरोबर खाली. त्यानंतर तीन गुरुवार गेले. खोलीत काही म्हणजे काही वाजलं नाही. अम्मा पाठीवर पडून होती, हात अंगाजवळ, श्वास इतका मंद की शबीना तिच्या नाकाशी आरसा धरायची. त्या दिवसांत ती एकदाच बोलली.

"अमजद."

तो धावत आला.

"त्यानं मनात काय बी न्हाय ठेवलं. तू वरडलास ते. लई दमलाय. म्हणतो, अम्मा, मला बाहेर येऊ दे. मी म्हटलं, ये की माज्या राजा."

अमजद पलंगाच्या पट्टीवर डोकं ठेवून लहान पोरासारखा रडला. अम्माने हात उचलायचा प्रयत्न केला, पण तो उचलला गेला नाही.

मृग लागला. पहिल्याच गुरुवारी, दुपारी तीनच्या सुमाराला, शबीनाने हाक मारली. हाकेत घाबरेपणा नव्हता, म्हणून तर अमजद पळत गेला.

अम्माच्या छातीवर भुंगेरा बसला होता. बोटाएवढा, राखाडी, अंगावर नारिंगी ठिपके. शिंगं त्याने मागे टाकली होती आणि तो ओलसर पंख वाळवत होता. उशाजवळच्या पट्टीला नवं भोक पडलेलं होतं, लांबट, कडा स्वच्छ. भुंगेरा सावकाश चालत तिच्या खांद्यावरून उतरला आणि उशाकडच्या उजव्या खुरावर, तळहाताएवढ्या सालीवर जाऊन बसला. तिथे त्याने जबड्याने एक चीर पाडली. बराच वेळ तो तसाच चिकटून होता. मग खिडकीतून उडून गेला.

अम्माने डोळे उघडले.

ती उठली. पाय खाली सोडले, उभी राहिली आणि भिंतीला हात न लावता चालत दुकानात गेली. तीन भाकऱ्या खाल्ल्या. शबीनाला रडू आवरेना. अमजद तर वेडाच झाला. शेजारच्या दुकानात पेढे वाटून आला, वृषालीला फोन करून सांगितलं, अल्लाचे किती आभार मानू असं त्याला झालं. त्याची आई परत आली होती. शबीनाने कौतुकाने मिश्रीची डबी पुढे केली. अम्माने ती हातात घेतली, उघडून वास घेतला, तोंड वाकडं केलं आणि खाली ठेवून दिली.

"ह्यो पलंग मोड आता," ती म्हणाली. "लाकूड कबरस्तानात दे. अब्बा म्हणायचे तसं. आजच दे, भाई."

इतक्या दिवसांच्या झोपेनंतर माणूस असं काहीबाही बोलायचंच. अमजदने ते मनावर घेतलं नाही. पलंग मोडायचं तर त्याच्याही मनात होतं. त्याने सांधे ठोकून सोडवले आणि लांब पट्टी कामाच्या लाकडी घोडीवर घेतली. उशाच्या भोकाशी पटाशी लावून हातोडा मारला. पट्टी रेषेत उभी चिरली आणि दोन भाग होऊन पडली.

टोकाशी खोली होती, वृषालीने सांगितली होती तशीच. रिकामी. पण तिच्या भिंतीला लाकडाचे धागे नव्हते. आतून सगळीकडे पांढऱ्या सुताचे धागे लावले होते. जाड, धुवट, नव्या कोऱ्या कापडातून उसवलेले.

कापड कुठलं ते त्याला ठाऊक होतं. कफनाचे तीन तुकडे त्यानेच फाडून दिले होते.

खोलीपासून मागे बोगदा गेला होता. त्याच्या आतल्या भिंतीवर खुणा होत्या. त्याने बाहेरून जिथे जिथे पेन्सिलची रेघ मारली होती, बरोबर तिथे, आतून. पेन्सिलच्या नव्हत्या. दातांनी कोरलेल्या होत्या. दोन इंच, दोन सूत. दोन इंच, दोन सूत.

प्रत्येक रेघेच्या टोकाला बारीक गाठ होती.

अमजदने मान वर केली तेव्हा दारात अम्मा उभी होती, चौकटीला खांदा टेकून, एक पाय दुसऱ्यावर टाकून. तिच्या कानामागे पेन्सिल होती. डाव्या कानामागे.

"माप बरोबर हाय न्हवं, भाई?"

त्याने हो म्हटलं. दुसरं काय म्हणणार होता? भाऊ परत यावा म्हणून त्याने कमी दुवा मागितल्या नव्हत्या. आणि समोर उभ्या असलेल्याने दोन वर्षांत पहिल्यांदा त्याला हसून हाक मारली होती. त्याला हसू येत होतं, आणि त्यातच त्याला कळलं की मग अम्मा कुठे गेली, हे त्याने विचारलेलं नाही. ते विचारायचं धाडस त्याला झालं नाही.

लाकूड टेम्पोत भरलं. शेवटी उशाकडचा उजवा खूर उरला, सालीचा.

"त्यो बी टाक," ती म्हणाली.

"ह्याच्यावर तुजी रेघ हाय," अमजद म्हणाला, आणि आपण कुणाला काय बोललो हे त्याचं त्यालाच कळलं. खूर त्याने ठेवून घेतला.

पुढचा गुरुवार शांत गेला. त्याच्या पुढच्या गुरुवारी लाईट गेली, मशीन थांबली, आणि अमजदला दुकानाच्या कोपऱ्यातून काहीतरी ऐकू आलं. फार हलकं. कर्र. मग बराच वेळ काही नाही, धाप लागून कुणीतरी मधेच बसल्यासारखं. मग पुन्हा एकदा. कर्र.

त्याने खूर उचलला. सालीवरच्या चिरेतून जरासा भुसा गळला आणि त्याच्या तळहातावर पडला. आंब्याच्या लाकडाचा भुसा पिवळसर असतो. हा काळपट तपकिरी होता, बारीक दळलेला. त्याने तो हुंगला. कापराचा वास त्याला नव्हता. मिश्रीचा होता.

घरात पितळी डबी तशीच पडून आहे. सगळे जिला अम्मा म्हणतात, ती आता दिवसभर दुकानात असते, हाताला विलक्षण सफाई, आणि गिऱ्हाइकं कौतुक करतात की म्हातारपणी मिस्त्रीच्या आईने काम चांगलं उचललं. शबीना तिच्याशी फारसं बोलत नाही. खूर अमजदने आपल्या खाटेच्या उशाला ठोकून बसवला आहे. शबीनाने का म्हणून विचारलं, तर तो म्हणाला, चांगलं लाकूड आहे, असू दे.

दर गुरुवारी तो त्याला कान लावतो आणि रेघ ओढतो. एका आठवड्याला एक सूत. अम्मा सावकाशच चालायची.

दुपारी त्याचा डोळा लागला की शबीना दारातून बघते. खाट रुंद आहे, तरी तो पार कडेला सरकून झोपलेला असतो. मधे एका माणसाची जागा मोकळी.